रांगत पाहिलेली घरं

मी आयुष्यातली बरीच वर्षं परक्या लोकांच्या घरात रांगत काढली. हसू नका, तोच माझा धंदा होता. ज्या घरात बाळ रांगायला लागलंय त्या घरी जायचं, पदर खोचायचा, दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे फरशीवर टेकायचे आणि दारापासून मोरीपर्यंत सगळं घर बाळाच्या उंचीवरून बघायचं. काय ओढता येतं, काय तोंडात जातं, बोट कशात अडकेल, डोकं कशात अडकेल. मग एकेक गोष्ट उचलायची, बांधायची, बंद करायची, नाहीतर तिला जाळी लावायची. लोक मला ‘रांगणाऱ्या बाई’ म्हणत. सुरुवातीला राग यायचा, पुढं मी स्वतःच फोनवर तशी ओळख द्यायला लागले.

त्याआधी बजाजनगरात माझं पाळणाघर होतं. नवरा-बायको दोघं कंपनीत, पोर माझ्याकडं. एकदा एक आई संध्याकाळी पोराच्या कपाळावरचं टेंगूळ दाखवत म्हणाली, “कुंदाताई, तुमच्याकडं एवढी पोरं, कुणाला काही होत नाही. माझ्या घरी हा एकटा, आणि रोज नवीन टेंगूळ! एकदा येऊन बघता का?” मी गेले. उभ्यानं बघितलं तर घर अगदी नीटनेटकं. खाली बसले तर थोडं काहीतरी दिसलं. रांगायला लागले आणि मग दिसतच गेलं! टेबलावरून लोंबणारी इस्त्रीची वायर, पलंगाखाली सरकलेली झुरळाच्या पावडरीची पुडी, टीपॉयचा नेमका कपाळाच्या उंचीवर आलेला कोपरा. मला इतका चेव आला की घरी परतल्यावर शेजारणीच्या घरातही मी उगाचच रांगून आले. तिला वाटलं माझी अंगठी हरवली.

माझी हत्यारं दोनच. एक पितळी गडू आणि एक कॅमेऱ्याच्या रोलची जुनी डबी. जी वस्तू त्या डबीत मावते ती बाळाच्या घशात अडकू शकते, म्हणजे ती वर गेली पाहिजे. आणि जिन्याच्या कठड्याच्या ज्या फटीतून गडू आरपार जातो, त्या फटीतून बाळही जातं. एवढं साधं आहे. लोकांना मोठं शास्त्र अपेक्षित असायचं, मी पिशवीतून गडू काढला की त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. एका घरी तर त्यांना वाटलं मी पूजा सांगायला आले आहे.

जाळ्या, कड्या, फाटकं करायला माझ्यासोबत सलीमभाई होते. छावणीत त्यांचं वेल्डिंगचं दुकान. आयुष्यभर खिडक्यांचे ग्रिल केलेले. पहिल्यांदा मी त्यांच्याकडं स्वयंपाकघराच्या दारात बसवायचं गुडघाभर उंचीचं फाटक मागितलं तेव्हा त्यांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. “ताई, चोर बाहर से आता बोलके जिंदगीभर जालियाँ बनाया मैं. ये छोटा चोर तो घर के अंदरइच रहता!” त्या दिवसापासून आमच्या दोघांच्या भाषेत बाळाचं नाव ‘छोटा चोर’.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका नव्या जोडप्यानं बाळासाठी परदेशी सामानाचा आख्खा खोका मागवला होता. टेबलाच्या कोपऱ्यांना लावायच्या रबरी टोप्या, कपाटांची कुलपं, काय काय. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा मुलगा त्यातलीच एक टोपी मन लावून चावत बसला होता. मी ती काढून डबीत टाकली. अगदी बरोबर मावली! बाप आधी पांढरा पडला आणि मग एवढा हसला की आम्हाला चहा सांगायचं विसरूनच गेला. त्या खोक्यात कूलरसाठी काहीच नव्हतं. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे घरोघरी पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, त्या पाण्यात विजेची मोटर, आणि तो पत्रा बाळाला उभं राहायला धरायला बरोबर उंचीचा. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर चढवायचा आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यायचं, हे आम्ही वाघ मागं लागल्यासारखं प्रत्येक घरी सांगत सुटायचो.

छावणीतल्या एका खालांचं, म्हणजे मावशींचं, पानदान हा आमचा सर्वांत मोठा लढा. खाला दिवाणावर बसत, पानदान शेजारी उघडं, आणि नातू दिवाणाला धरून गोल गोल चालायचा. ओला चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, हे त्यांना माहीत होतं. तरी पानदान उंच फळीवर ठेवायला त्या तयार नव्हत्या. “पान खाने के वास्ते हर बार उठूँ क्या मैं? इस उमर में?” सलीमभाईंनी मुकाट्यानं फळी ठोकली, तिला कडी लावली. काही महिन्यांनी त्या बाजारात भेटल्या. मला वाटलं आता शिव्या पडणार. तर म्हणाल्या, “उठ-बैठ करके मेरे घुटने खुल गए. पान भी कम हुआ. तुम लोगाँ बडे जालिम हो.”

हे सगळं मी हसत सांगतेय, पण एका घरी आम्हाला बोलावलं ते चुना डोळ्यात गेल्यानंतर. ट्यूब होती, पोरीनं दाबली. घरच्यांनी भरपूर पाण्यानं डोळा धुतला, धावत दवाखाना गाठला, तरी त्या डोळ्याला आता अंधूकच दिसतं. ती आई माझ्यामागोमाग प्रत्येक खोलीत आली. लोक आम्हाला नंतर का बोलावतात याचं मला अजून वाईट वाटतं. आधी बोलावणारं घर मिळालं की माझ्या अंगात वीस वर्षांच्या पोरीचा उत्साह यायचा, त्याचं कारण हेच.

असंच आधी बोलावणारं घर चिकलठाण्यातलं. त्याची गोष्ट सांगायला मी हा लेख लिहायला घेतलाय.

त्यासाठी आधी पाण्याचं सांगायला हवं. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायची गरज नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पाणी काही दिवसांनी एकदा येतं, आणि ज्या दिवशी येतं तो दिवस पाण्याचा. घरातलं प्रत्येक भांडं त्या दिवशी भरतं. पिंप, टप, बादल्या, कळश्या, आणि अंगणातली जमिनीखालची टाकी. बाळाला बुडायला विहीर लागत नाही हो, वीतभर पाण्याची बादली पुरते. वाकतं, तोल जातो, डोकं जड असल्यामुळं परत वर येता येत नाही, आणि आवाजही होत नाही. म्हणून आमच्या कामात निम्मं काम पाण्याचं. पिंपांना झाकणं, झाकणांना कड्या, न्हाणीघराच्या दाराला वरच्या बाजूला बोल्ट.

चिकलठाण्याच्या घरात सून होती वैशाली. तिची मुलगी ओवी नुकती रांगायला लागलेली. नवरा कामानिमित्त बाहेरगावी, आणि घरात सासरे, म्हणजे अण्णा. जुने शेतकरी. रस्त्याकडची जमीन गेली, तिच्या पैशातून मोठं घर बांधलं, पण मागं थोडं रान अजून स्वतः कसत होते. पोर्चमध्ये जमिनीखाली भलीमोठी टाकी आणि तिच्या तोंडावर पत्र्याचं चौकोनी झाकण. वैशालीनं फोनवर मला हळू आवाजात सांगितलं होतं, “ताई, मला बाकी कशाची नाही, त्या टाकीची भीती वाटते.”

मी पोर्चमध्ये रांगत होते तेव्हा अण्णा खुर्चीतून बघत होते.

“काय करू राह्यले तुमी?”

“ओवीच्या उंचीवरून बघतेय.”

“आमची चार लेकरं हिरीच्या काठावर वाढली. एक तरी पडलं का? तवा नव्हती आली कुणी रांगणारी बाई!”

वैशालीनं मान खाली घातली. मी झाकणाला कुलूप लावायचं म्हटलं. अण्णा उठूनच उभे राहिले. झाकण बंद? पाण्याच्या दिवशी? मग पाणी दिसणार कसं?

आणि इथं खरी मेख होती. अण्णा पाण्याच्या दिवशी झाकण बाजूला फेकत, टाकीच्या तोंडाशी उकिडवे बसत आणि पाणी चढताना बघत. पाइप सोडला, मोटर लावली, निघून गेलं, असं नाही. शेवटपर्यंत बघत. मग हात घालून ओंजळ भरत, डोळ्यांना लावत आणि प्यायले की उठत. टँकरमागं पळण्यात तरुणपण गेलेला माणूस तो. वैशाली म्हणाली, “देवाला एकदा विसरतील, पण हे नाही विसरत.”

या माणसाला झाकण बंद करा म्हणणं मलाच जड जायला लागलं. सलीमभाई टाकीच्या तोंडाशी बसून बोटांनी माप घेत होते. “अण्णा, ढक्कन खुल्ला रखो, नीचे जाली डालता मैं. पानी दिखेंगा पूरा. पाइप के वास्ते कोने में गोल रिंग. बस आदमी नै जाएंगा अंदर.”

“अन् माझी ओंजळ?”

सलीमभाईंनी दोन बोटं जुळवून पुढं धरली. दोन गजांमध्ये दोन बोटांचं अंतर. त्याहून जास्त ठेवलं तर बाळाचा पाय आत जातो. अण्णांचा हात त्यातून जाणार नव्हता. बरीच घासाघीस झाली. शेवटी जाळीला बिजागरी, कडी आणि कुलूप, यावर तोड निघाली आणि सलीमभाईंनी संध्याकाळपर्यंत ती दुकानातून करून आणून बसवली. आणि अण्णांनी बजावलं, “घर माझं, टाकी माझी, किल्ली माझ्याजवळ राहील. मला उघडायची तवा उघडीन.” किल्ली त्यांनी तिथल्या तिथं कमरेच्या करगोट्याला बांधली.

वैशालीचा चेहरा उतरला. माझाही. पण आमच्या कामात घरातल्या मोठ्या माणसाशी भांडून निघालं की दुसऱ्या दिवशी आपली कडी उखडलेली असते. मी फक्त एवढं म्हटलं, “अण्णा, एकदा माझ्यासोबत रांगा. इथून टाकीपर्यंत. मग किल्ली तुमच्याकडंच ठेवा.”

“मी?” अण्णा म्हणाले. “मी आजवर कुणापुढं वाकलो नाय. आता ह्या वयात फरशीवर रांगू? लोक काय म्हणतील?” आणि खुर्ची उचलून आत गेले.

जिन्याचं फाटक राहिलं होतं. ते बसवायला काही दिवसांनी आम्ही सकाळीच परत गेलो. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर गडू घेऊन कठड्याच्या फटी तपासत होते, सलीमभाई खाली बसून भोकं पाडत होते. ओवी हॉलमध्ये वाट्या आपटत होती. आणि अचानक गल्लीतून आरोळी आली, “पाणी आलं! पाणी आलं रेऽऽ!”

काय सांगू ती धांदल! ज्यानं पाण्याचा दिवस बघितला नाही त्याला कळायचं नाही. दारं धाडधाड उघडतात, मोटरी घुमायला लागतात, पाइप अंगणातून सरपटत बाहेर येतात, बायका अर्धी कणीक मळलेल्या हातानं धावतात. वैशाली माझ्या अंगावरून उडी मारूनच गच्चीवर पळाली, वरच्या टाकीचा कॉक बघायला. अण्णांनी पोर्चमध्ये झाकण फेकल्याचा दण्णकन आवाज आला. पाइप सोडला, मोटर लावली आणि ते गल्लीतल्या व्हॉल्वपाशी कुणाशी तरी ओरडत गेले. मला ते सगळं इतकं आवडतं की मी गडू हातात घेऊन नुसती ऐकत उभी राहिले.

वैशाली गच्चीवरून उतरली. केस विस्कटलेले, चेहरा हसरा. “मस्त प्रेशर आहे ताई आज!” आणि मग दोन पायऱ्या उतरून थबकली. “ओवी कुठंय?”

हॉलमध्ये वाट्या होत्या. ओवी नव्हती.

“अण्णांकडं असेल,” ती म्हणाली. त्याच वेळी बाहेरून अण्णांचा आवाज आला, “वैशाली, पोरीला घे गं जवळ, मी इकडं हाय!”

पाण्याच्या दिवशी हेच होतं. प्रत्येकाला वाटतं पोर दुसऱ्याजवळ आहे.

मी जिना कशी उतरले मला आठवत नाही. गुडघ्यांनी त्या दिवशी तक्रार केली नाही. डोक्यात एकच गोष्ट होती, अण्णांच्या करगोट्याची किल्ली. झाकण उघडं आहे हे आवाजावरून कळलं होतं. जाळीचं काय? आज पाणी आलंय. आज त्यांना ओंजळ हवी असणार. त्यांनी जाळी उघडलेली असणार. सलीमभाई माझ्या पुढं धावत होते आणि मोठ्यानं अल्लाचं नाव घेत होते. वैशाली माझ्या पाठोपाठ.

पोर्चच्या दारात आम्ही तिघं एकमेकांना आदळून थांबलो.

ओवी टाकीच्या तोंडावर बसली होती. जाळीवर. नीट मांडी घालून! पाइपच्या जोडातून फवारा उडत होता, तो तिच्या टाळूवर पडत होता, झबलं चिंब झालं होतं. तिच्या खाली, त्या गजांच्या खाली, काळं पाणी धबधब चढत होतं, आणि ती दोन्ही हातांनी गजांवर थापा मारत त्या पाण्याशी जोरजोरात बोलत होती. आम्हाला बघून खदखदून हसली. तिला वाटलं आम्हीही बघायला आलो.

वैशालीनं तिला उचललं आणि तिथंच बसून रडायला लागली. ओवीही रडायला लागली, कारण तिला पाण्यापासून दूर नेलं. मी पण रडले, त्यात लपवायचं काय? सलीमभाई खाली बसून जाळीवर हात फिरवत होते. कुलूप होतं. घट्ट लागलेलं होतं.

तेवढ्यात अण्णा फाटकातून आले. काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नाही. सुनेच्या मांडीवर ओली नात, उघडं झाकण, एवढं बघून त्यांना समजलं. ते भिंतीला धरून हळूहळू खाली बसले.

“अण्णा,” वैशाली हुंदक्यातून म्हणाली, “ती किल्ली द्या. हात जोडते, ती किल्ली मला द्या.”

अण्णांनी करगोटा पुढं ओढून दाखवला. त्याला किल्ली नव्हती.

“कुठं गेली?”

त्यांनी बोट टाकीकडं केलं. आत, पाण्याकडं.

अण्णा ओवीकडं बघत बोलत होते, आमच्याकडं नाही. “तुमी गेल्यावर त्या दिवशी घरात कुणी नव्हतं. म्हटलं बघावं तरी ही बाई काय बघती. झाकण काढलं अन् रांगत आलो इथवर. उभ्यानं बघितलं का पाणी म्हंजे साठा दिसतो, किती हात हाय, किती दिस पुरंल. पण रांगत आलो तर... लई जवळ व्हतं ओ. चमकू राह्यलं व्हतं. आवाज देऊ राह्यलं व्हतं, ये म्हणून. माझाच हात पुढं गेला. लेकरू कसं थांबंल?” त्यांनी तोंडावरून पंचा फिरवला. “मला माझी सवय ठावकी हाय. आज नाय उद्या ओंजळीपायी मी ती जाळी उघडलीच असती. म्हून टाकली किल्ली आत. जाळीतूनच.”

ओवीनं पुन्हा पाण्याकडं हात केले. मग सलीमभाई नाक ओढत म्हणाले, “वो सब ठीक है अण्णा. मगर टंकी साफ करने का टाइम आया तो ताला तोडने मेरेकूच बुलाना पडेंगा ना.”

आधी वैशाली हसली, मग अण्णा, आणि मग आम्ही सगळे इतके हसलो की शेजारी बादल्या सोडून फाटकापाशी जमले. अण्णा उठले. त्यांनी पाइपचं तोंड रिंगमधून वर काढलं, धारेखाली ओंजळ धरली आणि डोळ्यांना लावली. दुसरी ओंजळ ओवीच्या ओठांशी नेली. आता ते रोज तसंच करतात, म्हणजे पाणी येईल तेव्हा.

माझं रांगणं आता बंद झालंय. डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो दाखवून तंबी दिली. फोन मात्र थांबले नाहीत, आणि मला नाही म्हणता येत नाही. मी जाते, पण खुर्चीत बसते. जाळ्या सलीमभाईच करतात. आणि रांगायला येतात अण्णा! धोतराचा काचा मारून, डोक्यावरची टोपी माझ्या मांडीवर ठेवून, गडू एका हातात धरून ते घरभर रांगतात आणि खालून मला ओरडून सांगतात, “ताई, इथं वायर हाय! ताई, इथं लेकराचं डोकं अडकंल!” त्यांचा उत्साह बघून मला माझे पहिले दिवस आठवतात आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटतो.

परवा अशाच एका घरी गेलो. तिथलेही आजोबा खुर्चीत बसलेले, पांढराशुभ्र लेंगा, हाताची घडी. पोर्चमध्ये टाकी. त्यांनी मला तेच विचारलं, “आमची लेकरं कशी वाढली मग?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याआधीच टाकीच्या तोंडाशी गुडघ्यावर असलेल्या अण्णांनी मान वळवली आणि शेजारची फरशी तळहातानं पुसली.

“या पाव्हणं,” ते म्हणाले, “इथं बसा माझ्याजवळ. तिथून नाय दिसत.”